चारशे बारावा दुवा

पुण्यात सांधा प्रतिष्ठानच्या प्रयोगशाळेतल्या एका भिंतीवर तळवट खोऱ्याचा नकाशा सतत उजळलेला असे. धरणाच्या फुगवट्याभोवती विखुरलेल्या नऊ वाड्या आणि त्यांत राहणाऱ्या चारशे बारा मोठ्या माणसांचे चारशे बारा ठिपके. चारशे अकरा हिरवे होते. वाकघळ वाडीच्या टोकाला एक काळा होता आणि तो डॉ. नलिनी बोराडे यांच्या डोळ्यांत गेली दोन वर्षे खुपत होता.

त्या दिवशी प्रतिष्ठानचे संचालक हेरंब टिपणीस मूल्यमापन समितीपुढे करायच्या भाषणाची रंगीत तालीम करत होते. टिपणीस हा मनाने चांगला माणूस. फक्त आकडा दिसला की त्यांना बाकीचे दिसेनासे होई.

"खोरं राखीव जंगलात," ते नकाशाकडे हात करून म्हणाले. "मनोरे उभारायला बंदी, तारा टाकायला बंदी. उपग्रहाचा संदेश कड्यांच्या कपारीत पोहोचत नाही. मग तिथे इंटरनेट न्यायचं कसं? आम्ही माणसांच्याच तारा केल्या."

"तार म्हणू नका," नलिनी म्हणाल्या. "तार अखंड असते. आपलं भेटजाळं तुटकंच आहे आणि तुटकं असूनच चालतं. प्रत्येकाच्या गळ्यात कोटाच्या बटणाएवढा एक दुवा. दोन दुवे तीन हातांच्या आत चाळीस सेकंद राहिले की एकातला निरोप दुसऱ्यात उतरतो. धरणाच्या भिंतीवर आपली वेस आहे, तिथवर इंटरनेट येतं. वेशीवरून निरोप लाँचवाल्याकडे, त्याच्याकडून बाजार करून परतणाऱ्या बाईकडे, तिच्याकडून ज्याचा असेल त्याच्याकडे. निरोप मोहोरबंद असतो, वाहणाऱ्याला वाचता येत नाही."

"आणि कुणाकडे द्यायचा हे ठरवतो भेट-अंदाजक."

"हो. कोण कोणाला किती वेळा भेटतं ते तो लक्षात ठेवतो आणि पोहोचवण्याची शक्यता ज्याच्याकडे जास्त, त्याच्याच हाती निरोप देतो. निरोपाची प्रत एकच. म्हणून दुव्याची साठवण पुरते, विजेरी पुरते आणि सहा दिवसांचं काम चार तासांत होतं."

"चार तास," टिपणीस समाधानाने म्हणाले. हा आकडा त्यांनी अकरा ठिकाणी छापला होता. "आणि समजा, एखाद्याला कोणी भेटतच नसेल तर?"

"तर अंदाजक त्याचा निरोप कुणालाच देणार नाही. तो वेशीवरच पडून राहील."

"पण खेड्यात असं माणूस असतं का कुठे?"

नलिनींनी पुन्हा नकाशाकडे पाहिले. काळ्या ठिपक्याचे यंत्र त्यांनी पुण्यात बसून तीनदा बदलायला लावले होते. तिन्ही वेळा परत आलेला दुवा ठणठणीत निघाला होता. यंत्र बदलण्यापेक्षा जाऊन पाहावे, हे सुचायला एका हुशार बाईला दोन वर्षे लागली, याची त्यांना त्या क्षणी लाज वाटली.

लाँच वाकघळच्या धक्क्याला लागली तेव्हा यमुना शेडगे त्यांना न्यायला आली होती. यमुना ही त्या वाडीची दुवाताई. दुवे वाटणे, बिघडलेले बदलणे, म्हाताऱ्यांना कुठे दाबायचे ते शिकवणे ही तिची कामे. नलिनींच्या गळ्यात दुवा नव्हता. तपासनिसाच्या भेटींनी मोजणीत भेसळ होऊ नये म्हणून तपासनिसाने दुवा घालायचा नाही, असा नियम त्यांनीच केला होता.

चावडीवर गावकीचे प्रमुख रामजी सपकाळ बसले होते. सत्तरीचे, ताठ, पांढरी टोपी. त्यांच्या मागच्या भिंतीवर प्रतिष्ठानने दिलेला उजळता फळा होता. त्यावर दिवसभरात आलेला-गेलेला प्रत्येक निरोप कुणाचा आणि तो कुणाकुणाच्या हातून आला-गेला, यांची नावे उमटत. या खोऱ्यात निरोप आणणाऱ्याला गूळपाणी देण्याची रीत होती. दुवे आले तेव्हा लोकांनीच विचारले, की आणणारा कोण ते कळले नाही तर गूळपाणी द्यायचे कुणाला? प्रतिष्ठानला ही मागणी इतकी भावली की वाहकांची नावे निरोपाला कायमची जोडून टाकली. स्थानिक संस्कृतीचा आदर, असे एक अख्खे प्रकरण त्यावर अहवालात होते.

"आमच्या वाडीचं शंभरातलं शंभर काम झालंया," रामजी म्हणाले. "फळा बघा तुम्ही."

"एक घर राहिलंय ना? टोकाचं. हौसाबाई शेलार."

रामजींनी टोपी सारखी केली. "ते घर आमच्यात धरत न्हाईत," ते शांतपणे म्हणाले आणि त्यांनी चहा मागवला.

हौसाबाईच्या घरी जायला यमुना आली नाही. तिने पाणवठ्यापर्यंत सोबत केली आणि हात करून वाट दाखवली. अंगणात साठीची एक बाई नाचणी पाखडत होती. जोत्यावर चार-पाच वर्षांची मुलगी चिंध्यांच्या बाहुलीशी खेळत होती. नलिनींनी हाक मारली तेव्हा बाईने पाहिले, मुलीने पाहिले नाही.

"गळ्यात घातलंय का काही?" बाईने पहिला प्रश्न विचारला. नलिनींनी नकारार्थी मान हलवली. "मग या. नसंल तर या."

गोष्ट साधी होती. चार वर्षांपूर्वी लाँच उलटली, त्यात हौसाबाईचा मुलगा आणि सून गेली. लाँच चालवणारा रामजींचा भाचा. तो प्यायला होता, असे हौसाबाईने चौकशीत सांगितले. गावकीने सांगितले होते, की सांगू नको. तेव्हापासून घर वाळीत. त्यांच्याशी बोलायचे नाही, त्यांच्या हातचे पाणी प्यायचे नाही, त्यांच्या सावलीत उभे राहायचे नाही. मोडेल त्याचे घरही वाळीत.

"ही नात. चंद्रा. जन्मापासनं ऐकू येत न्हाई," हौसाबाई म्हणाली. "दवाखान्यात नाव घातलंय. कानात यंत्र बसवत्यात. पाच वर्सं भरायच्या आत बसवलं तर बोलंल म्हणं. तारीख धाडत्यात दुव्यावर, आन् तीन दिसांत माझ्या अंगठ्याची मोहोर गेली न्हाई तर नंबर दुसऱ्याला. दोन तारखा गेल्या. मला कळलंसुदिक न्हाई. वनखात्याच्या माणसानं कागद आणून दिला तवा समजलं."

"पाच वर्षं कधी भरतात?"

"पुढच्या महिन्यात."

नलिनींनी मनातल्या मनात हिशेब मांडला आणि तो जुळेना. वेशीवर जाऊन तारखेचा निरोप त्या स्वतः आणू शकत होत्या, अंगठ्याची मोहोरही नेऊ शकत होत्या. पण कर्णरोपण झाल्यावर त्या यंत्राची जुळवणी दर आठवड्याला याच दुव्यातून यायची होती, सलग दोन वर्षे. जुळवणी चुकली तर कानात बसवलेले यंत्र नुसतेच बसून राहील. एका भल्या बाईने एकदा निरोप आणून भागणार नव्हते. या घराला जाळेच हवे होते.

निघताना त्यांना आणखी एक गोष्ट जुळेना. वाडीत दुकान एकच आणि ते रामजींच्या चुलत्यांचे. मग या घरात मीठ कुठून आले? चुलीपाशी ताजी चवळी निवडून ठेवली होती आणि परसात वेल नव्हता. बाहुलीच्या अंगावर नव्या लुगड्याचा तुकडा होता. नलिनींनी विचारले तेव्हा हौसाबाई पुन्हा नाचणी पाखडू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला त्या मुद्दाम पाणवठ्यावर गेल्या. त्या जागेचा त्यांना अभिमान होता. रोज अकरा ते अकरा-चाळीस या वेळात बारा बायकांचे दुवे तिथे एकमेकांलगत असत, निरोपांची सर्वांत मोठी देवाणघेवाण तिथे होई. 'आदर्श भेटस्थान' या नावाने त्यांनी त्यावर एक शोधनिबंधही वाचला होता.

पाणवठ्यावर कोणी नव्हते. जांभळीच्या एका फांदीवर बारा दुवे ओळीने टांगले होते.

नलिनी जांभळीखाली बसून राहिल्या. चाळीस मिनिटांनी टोकाच्या घराकडून बायका एकेक करून आल्या. पुढे यमुना होती. त्यांना पाहून ती थबकली, मग जवळ येऊन तिने आपला दुवा गळ्यात घातला.

"आता बघितलंच तुम्ही," ती म्हणाली.

"गळ्यात असताना का जात नाही?"

"बाई, तुमचं यंत्र यायच्या आधी जात व्हतो की. दिस कलला, की कुणी मीठ देऊन यायचं, कुणी डाळ. गावकीला दिसायचं न्हाई आन् दिसलं तरी कोण बघत बसतंय. यंत्र आलं त्या महिन्यात सुंद्राक्का गेली तिकडं. हौसामावशीनं दवाखान्याला निरोप सोडला व्हता, तो हिच्या दुव्यात शिरला आन् संध्याकाळी फळ्यावर नाव. हौसाबाई शेलार, वाहक सुंद्राबाई. दोन महिने त्यांचं घर वाळीत. तिची म्हस व्यायला लागली व्हती, कुणी हात लावाया गेलं न्हाई." यमुनाने फांदीकडे हात केला. "तवापास्नं हितं टांगून जातो."

नलिनींना फार वाईट वाटले आणि त्याहून अधिक त्यांना स्वतःचा राग आला. खोऱ्यात शेकडो वर्षे चालत आलेला बहिष्कार गळका होता. माणसांच्या माणुसकीने त्याला भोके पडलेली होती. ती सगळी भोके त्यांच्या जाळ्याने बुजवून दिली होती, तीही गूळपाण्याच्या प्रेमापोटी.

"मी नावंच काढून टाकते," त्या म्हणाल्या.

"काढू नका," यमुना म्हणाली. "नाव काढलं की त्यांना वाटणार काहीतरी झाकलंय. मग धुंडत बसत्यात. दुवेच गोळा करतील. त्यापरीस सगळ्यांचं टाका."

"खोटी नावं मी टाकणार नाही, यमुना."

"खोटी कशाला? तुम्ही शिकलेल्या. खरी व्हतील असं काय तरी करा."

पुण्याला पोहोचेपर्यंत नलिनींना उत्तर सापडले होते. नवे काहीच नव्हते त्यात. कुठल्याही जाळेशास्त्राच्या पुस्तकात पहिल्या धड्यात असते आणि दुसऱ्या धड्यात ते उधळपट्टीचे म्हणून सोडून दिलेले असते.

"पसर-पद्धत," त्या टिपणीसांना म्हणाल्या. "अंदाजक बंद करायचा. एक प्रत, एक वाहक हे बंद. दुवा ज्याला भेटेल त्याला जवळचे सगळे निरोप देईल आणि स्वतःकडेही ठेवील. दिवसभरात प्रत्येक निरोप खोऱ्यातल्या प्रत्येक गळ्यात पोहोचतो. मग वाहक कोण? सगळेच. आणि ते खरं असेल. नावं भेटीच्या क्रमाने न लावता वर्णानुक्रमे लावायची. पहिला कोण होता हे मलाही सांगता येणार नाही."

टिपणीस नकाशाकडे वळले. "पोलिसांत का जात नाही? बहिष्काराविरुद्ध कायदा आहे."

"जाऊ या. साक्ष कोण देईल? बारा बायका? त्या वाडीत राहायचं आहे त्यांना. आपण पुण्यात राहतो."

"किती वेळ लागेल? निरोपाला."

"साठवण भरेल, विजेरी लवकर संपेल. सरासरी एकोणीस तास."

"एकोणीस." टिपणीसांनी डोळे मिटले. "चारवरून एकोणीस. समिती याला प्रगती म्हणणार नाही, नलिनीताई. पुढचा टप्पा मिळणार नाही."

"नाहीच मिळणार. पण चंद्राची तारीख तीन दिवस थांबते. एकोणीस तास तिला पुष्कळ आहेत."

टिपणीसांनी मंजुरीची सही केली. ती करताना ते खूश नव्हते, हे नोंदवायला हवे. आकड्यांवर जीव असलेल्या माणसाने स्वतःच्या हाताने आकडा बिघडवला, एवढे मोठेपण त्यांच्या पदरात घालायला हरकत नाही.

यमुनाने त्या बारा जणींना नव्या पद्धतीची कल्पना दिली. पहिल्या दिवशी दोघीच दुवे घालून हौसाबाईकडे गेल्या. तेवढ्या पुरल्या. संध्याकाळपर्यंत हौसाबाईचे सगळे थकलेले निरोप खोऱ्यात पसरले आणि चौथ्या दिवशी दवाखान्याची तारीख उलट्या दिशेने पसरत तिच्या अंगणात आली. तिने अंगठा टेकला. दुसऱ्या दिवशी मोहोर वेशीबाहेर गेली.

फळ्यावर त्या रात्रीपर्यंत नावे सरकत राहिली. हौसाबाई शेलार यांचा निरोप, वाहक चारशे अकरा. गावकीची बैठक बसली तेव्हा कोणीतरी ती नावे मोठ्याने वाचली. वाचणाऱ्याचे नाव त्यात होते. रामजींचे होते, त्यांच्या मंडळींचे होते, ज्याने लाँच उलटवली त्या भाच्याचेही होते. नियमाप्रमाणे या सगळ्यांना वाळीत टाकायचे, तर टाकायला कोणी उरत नव्हते. बैठक चहा पिऊन उठली.

बहिष्कार कोणी मागे घेतला नाही. तो नुसता चालेनासा झाला. एकटे रामजी तत्त्वाला जागले. त्या घरचा निरोप आपण वाहिलेला नाही आणि वाहणारही नाही, असे सांगून त्यांनी गळ्यातला दुवा काढला आणि यमुनाच्या हातावर ठेवला.

मूल्यमापन समितीने 'प्रगती असमाधानकारक' असा शेरा दिला आणि पुढचा टप्पा रद्द केला. आहे ते जाळे यमुनासारख्या बायकांच्या भरवशावर चालू राहिले. चंद्राच्या कानात यंत्र बसले. दर आठवड्याला त्याची जुळवणी अवघ्या खोऱ्याच्या गळ्यांतून तिच्यापर्यंत येऊ लागली.

सात महिन्यांनी नलिनी शेवटच्या तपासणीला गेल्या. काम आटोपून त्या धक्क्यावर परतीच्या लाँचची वाट पाहत होत्या. जवळच हौसाबाई चंद्राला घेऊन उभी होती. तपासणीची तारीख होती, दोघी दवाखान्यात निघाल्या होत्या. आणखी कोणी नव्हते. तेवढ्यात चढावरून काठी टेकत रामजी उतरले. पार धक्क्यापर्यंत आले आणि हौसाबाईकडे न बघता नलिनींपाशी थांबले.

"बाई, माझं काही आलंय का?"

नलिनींनी पडून राहिलेल्या निरोपांची नोंद दाखवणारी तपासणी-पाटी उघडली. "सदतीस निरोप आहेत."

"कुठं हायेत?"

"सगळ्यांकडे आहेत. तुमच्या घरात मंडळींच्या गळ्यात आहेत, चावडीवर तुमच्या शेजारी बसणाऱ्यांच्या गळ्यात आहेत. पण मोहोरबंद आहेत. उघडतील ते फक्त तुमच्या दुव्यात."

"कुणाचे?"

"तेवढं पाटीवर दिसतं. सगळे तुमच्या मुलीचे."

म्हातारा काठीवर रेलला. मुलगी मुंबईत होती. सात महिने तो रोज चावडीवर माणसांत बसत होता, बोलत होता आणि त्याच्या मुलीचा आवाज त्याच्यापासून हातभर अंतरावर, दर माणसाच्या गळ्यात, बंद होता. नलिनींना त्याची दया आली. तशी येईल असे त्यांना वाटले नव्हते.

"तुमच्याकडं हाय का एखादा?" त्याने हलक्या आवाजात विचारले.

पिशवीत बदलीचे दुवे होते. नलिनींनी एकावर त्याचा अंगठा घेतला. रामजींनी टोपी काढून मान खाली केली आणि नलिनींनी दोरी गळ्यात अडकवली. दुवा मुका होता.

"माझ्याकडे दुवा नसतो," त्या म्हणाल्या. "वर चावडीपर्यंत जा आणि कुणाही शेजारी चाळीस सेकंद उभे राहा. सगळे उतरतील."

रामजींनी चढाकडे पाहिले. चढ उभा होता, पण दिवसातून दोन वेळा ते तो चढत होते, आजही चढले असते. धरणाच्या बाजूने लाँचचा आवाज येऊ लागला. त्यांनी काठी उचलली, चार पावले टाकली आणि हौसाबाईच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

हौसाबाई सरकली नाही. तिने नातीचा हात धरून ठेवला आणि समोर बघत राहिली. चाळीस सेकंद हा बराच मोठा काळ असतो, हे नलिनींना इतक्या वर्षांत पहिल्यांदा जाणवले.

दुवा वाजला. रामजींनी तो हातात घेतला, इकडून तिकडून दाबला. त्यांना जमेना. हौसाबाईने हात पुढे करून तो उलटा केला आणि कुठे दाबायचे तिथे बोट ठेवून दाखवले.

"बाबा," मुलीचा आवाज आला, "उत्तर आलं नाही म्हणून परत पाठवतेय. मुलगा झाला. तुम्ही रागावलात का माझ्यावर?"

नवा आवाज कुठून आला म्हणून चंद्राने वळून वर पाहिले. रामजींनी दुवा घट्ट धरला होता. लाँच लागली तेव्हा छत्तीस निरोप ऐकायचे बाकी होते.